येळवशीची पाहुणी

रसूलबी मावशींचं नाव आधी लिहिते. पुढचं लिहिताना हात थांबला, तर निदान एवढं तरी कागदावर राहील. रसूलबी मावशी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. नवरा पिंजारी, गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. तो गेला तेव्हापासून त्या एकट्या. माझ्या मायला शेवटच्या आजारात त्यांनी उठवलं, बसवलं, धुतलं, पुसलं. शाळेतल्या गुरुजींना गाठून मला कार्ड लिहवलं तेही त्यांनीच. मी पोटची लेक, पण मी इथं लांब, इंजिनांच्या धुरात बसले होते. माझं काम त्यांनी केलं. आधी हे सांगते, मग काय झालं ते.

आज सकाळी शेजारीण अंगणात शेगडी पेटवत होती. शेगडीला वारा घालता घालता म्हणाली, "पूस लग गया, शेवंता बहन. अब हड्डी काँपेगी." मी हो म्हणाले आणि घरात येऊन उगाच डबे पुसत राहिले. थंडी मलाही वाजत होती, पण मी आत आले ती पूस, म्हणजे पौष, हा शब्द ऐकून.

इटारसीला आम्ही आलो ते ह्यांच्या लोकोशेडातल्या नोकरीमुळं. इकडच्या लोकांचा महिना पुनवेला संपतो. आपला अवसेला. म्हणजे आपला मार्गशीर्ष अजून निम्मा राहिलेला असतो आणि इकडं पूस लागून जातो. आज मला हे पक्कं ठाऊक आहे. तेव्हा असं काही असतं हे डोक्यातच नव्हतं. घरात मराठी पंचांग नव्हतं, शेजारणी म्हणतील तो महिना आणि त्या करतील तो सण. मी चौथी शिकलेली बाई. निजामाची मोंगलाई गेली, गावात मराठी शाळा आली, मारुतीच्या देवळात भरायला लागली, आणि मी पाटी घेऊन पळत गेले. चार इयत्ता झाल्या आणि अंगाला हळद लागली. गुरुजी घरी येऊन मायला म्हणाले होते, "पोरगी हुशार हाय, आनखी दोन वर्सं ठेवा." माय म्हणाली, "हुशार हाय म्हनूनच लवकर खपली, गुरुजी." सगळे हसले. मीही हसले. मग परकराच्या ओच्यात तोंड घालून रडले.

तर मार्गशीर्षातली अवस म्हणजे येळवस. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. इथं इटारसीत तर मी सांगायचंच सोडून दिलं. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. अख्खं गाव रानात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, जवसाची निळी फुलं उघडलेली, आणि त्या हिरव्या रानात मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप उभी करायची. आत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले. ते पांडव. त्यांच्यापुढं नैवेद्य. मग जेवण. ते जेवण इतर कोणत्या दिवशी होत नाही, केलं तरी तशी चव येत नाही. भज्जी म्हणजे त्या हंगामात रानात जे जे असेल ते एका भांड्यात: तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, गाजर, मेथी, कांद्याची पात, बोरंसुद्धा, आणि वर चिंचेचा कोळ नि हरभऱ्याचं पीठ. तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि आंबील. ताकातली आंबट आंबील, नव्या मातीच्या मडक्यातून आणलेली.

आंबिलीचं मडकं मायच्या डोक्यावर असायचं. गाडीत ती कधी ठेवू द्यायची नाही. डोक्यावरून घोंगड्याची खोळ, तिच्यावर मडकं. ती बांधावरून चालली की मागून नुसतं एक घोंगडं ज्वारीतून पोहत चालल्यासारखं दिसायचं. मी मागं, आणि माझ्या मागं रसूलबी मावशी, हातात चुना-कुंकवाची डबी. मावशींच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पण गावातली पहिली येळवस त्यांची, असं माय म्हणायची. का, ते मी मोठी झाल्यावर थोडंसं कळलं. मोंगलाई गेली त्या दिवसांत कितीतरी मुसलमान घरांना कुलपं लागली होती, माणसं हैदराबादेकडं गेली होती. तेव्हा माय आपली वाकळ घेऊन मावशींच्या ओट्यावर जाऊन निजायची. किती दिवस, ते त्या दोघींनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर माय म्हणायची, "आमच्या घरात ढेकूण झाले हुते."

येळवशीच्या सकाळी मायचं एक ठरलेलं काम असायचं, तिचं तिनं स्वतःवर घेतलेलं. सगळा स्वयंपाक बांधून झाला, गाडी जुंपली, की ती शिडीनं माळवदावर चढायची आणि गावावर नजर टाकायची. कुठं धूर दिसतोय का? त्या वेळी कुणाच्या घरातून धूर निघतोय म्हणजे ते माणूस घरी चूल पेटवून बसलंय. म्हणजे त्याला शेत नाही, आणि त्याला कुणी बोलावलंही नाही. धूर दिसला की मायचं तोंड उतरायचं, कुणी तिला घालूनपाडून बोलल्यासारखं. "शेवंते, पळ. त्या खालच्या आळीला कोन राहिलंय बघ. म्हनावं, चूल इजवा आनि चला." मी पळायची. एकदा एक नवं बिऱ्हाड होतं, रस्त्याच्या कामावर आलेलं. नवराबायको दोघंही लाजत होते. बाई म्हणाली, "आम्ही परके, कुणाच्या शेतात जावं?" मी चढ चढून मायला येऊन सांगितलं. माय स्वतः गेली. त्यांच्या चुलीतलं लाकूड तिनं आपल्या हातानं ओढलं, त्यावर पाणी मारलं, म्हणाली, "आता उपाशी तरी ऱ्हावा न्हायतर आमच्या संगं तरी चला."

आणि रानातही तेच. जेवायला बसायच्या आधी गाडीवाटेकडं तोंड करून उभी राहायची. वाटेनं जाणारा कुणीही असो. एकदा टपालवाला सायकलवरून चालला होता.

"ओ दादा, उतरा!"

"मावशी, टपाल वाटायचं हाय अजून."

"कुनाला वाटताव? गावात हाय कोन? समदं गाव हितं बसलंय, जेवा नि हितंच वाटा."

तो उतरला. त्याच्या पिशवीतली सगळी पत्रं त्या दिवशी बांधाबांधानं वाटली गेली. रसूलबी मावशी म्हणाल्या, "गोदाबाई, तू कलेक्टर झाली असती तर बरं झालं असतं." माय म्हणाली, "कलेक्टरला मेल्याला कोन जेवाया बोलवतंय?"

हे सगळं आज मला एकामागून एक आठवतं. आठवणींना काही क्रम नाही. एकातून दुसरी निघते, जसा तुरीच्या एका शेंगेचा दाणा सोलला की हात आपोआप दुसऱ्या शेंगेकडं जातो.

कार्ड आलं तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. कार्डावर एवढंच, मायला बरं नाही, डोळे गेले आहेत, ताप उतरत नाही, निघून ये. अक्षर गुरुजींचं, पण "निघून ये" दोनदा लिहिलं होतं. ते मावशींचं. ह्यांना रजा मिळेना. मुलीला शेजारणीकडं ठेवलं. ह्यांनी सोलापूरला जाणाऱ्या एका कुटुंबाच्या डब्यात मला बसवलं आणि खिडकीतून त्या अनोळखी बाईला इतक्यांदा "लक्ष ठेवा" म्हणाले की तीच म्हणाली, "अहो, गाडी सुटली, आता हात काढा." वाटभर मी एकच हिशोब करत होते. पूस लागलाय. म्हणजे येळवस होऊन गेली. माय आजारी होती, तर ह्या वर्षी आंबील कुणी नेली? धूर कुणी बघितला? तिची येळवस चुकली, ह्याचंच मला रडू येत होतं. तिचा जीव त्या दिवसात अडकलेला असायचा.

सोलापूरहून पहाटेची मोटार धरली. मोटार जवळजवळ रिकामी होती. मी पदरानं तोंड झाकून, डोळे मिटून बसले होते, बाहेर दाट धुकं. तामलवाडीच्या पुढं फाट्यावर उतरले आणि आतल्या वाटेनं चालायला लागले. दवानं पाय भिजले. दोन्ही बाजूंची पिकं धुक्यात होती, काही दिसत नव्हतं. मी बघतही नव्हते.

गावात शिरले आणि पहिल्या घरापाशीच थांबले. दाराला कडी. पुढच्याला कडी. पारावर कुणी नाही, आडावर रहाट थांबलेला, एक बाई नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आणि धूर कुठंच नाही. एवढ्या थंडीत अख्ख्या गावात एकही चूल पेटलेली नाही. आमच्याकडं गावात माणूस गेलं की माती होईपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. मला ते ठाऊक होतं. मी पळत घराकडं गेले.

घराला कडी. मावशींच्या घराला कडी. अंगण ताजं सारवलेलं, शेणाचा ओला वास अजून येत होता. आणि मायची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. बाजेवरून पाणी ठिबकत होतं.

बाज उभी केली म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

मी ओरडले नाही. कुणासाठी ओरडणार? पिशवी तिथंच टाकली आणि ओढ्याकाठच्या मसणवट्याकडं चालायला लागले. गाव तिकडंच गेलं असणार. म्हटलं, तोंड तरी दिसेल. ओढ्याच्या वळणापर्यंत मी स्वतःशीच म्हणत होते, थांबा, झाकू नका, थांबा. वळण ओलांडलं. तिथं कुणी नव्हतं. जुनी राख, एक फुटकं गाडगं, आणि पाण्यावर धुकं. मी राखेपाशीच बसले. मायला नेलं तरी कुठं?

आणि तेवढ्यात लांबून, धुक्याच्या पलीकडून, पुरुषांचा आवाज आला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" मग दुसऱ्या शेतातून तेच. आंबील शिंपडत पिकाभोवती फिरताना आमच्याकडं हीच आरोळी देतात. तिचा अर्थ काय, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. त्या दिवशी एवढंच कळलं की येळवस गेली नव्हती. येळवस आज होती. गाव मातीला गेलं नव्हतं, जेवायला गेलं होतं.

मी हसले. त्या ओढ्याच्या काठी, राखेपाशी बसून मोठ्यानं हसले, आणि मग आमच्या रानाकडं पळत सुटले. ज्वारीची पानं तोंडावर सपासप लागत होती.

कोप लांबूनच दिसली. आमचं रान वाट्यानं करणारे धोंडीबा काका बैलांना वैरण टाकत होते. कोपीच्या तोंडाशी, पेंढ्यांना पाठ लावून, दोन वाकळा पांघरून माय बसली होती. केवढीशी झाली होती! तिचं तोंड वाटेकडं होतं, पण डोळे दुधाळ. मावशींनी मला पाहिलं. त्या धावत आल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"हळू. वरडू नको. तिला मानसं वळखू यीनात गे दोन दिसांपास्नं."

"मावशी, ती बाज..."

"बाज काय? ढेकणं झाली हुती, आज मोकळी सापडली म्हनून उकळतं पानी वतलं. ही घरी ऱ्हाईना. म्हनती, मला गाडीत घाल, न्हायतर म्या रांगत जाती. मग गवात घातलं, गादी घातली, आनली."

तेवढ्यात मायनं मान वळवली. "रसूल, कोन गं ते? वाटंनं जानारी बाई हाय व्हय?"

मी जाऊन तिच्या पायाशी बसले. तिचे दोन्ही हात धरले. "माय, मी शेवंता. मी आले."

ती हसली. पाहुण्यांना हसायची तसं. "व्हय व्हय. येळवशीला आल्याली समदी लेकीच. बस. रसूल, वाढ तिला. पत्रावळ मोठी घे."

"माय, मी तुझी शेवंता..."

"आगं बस म्हनलं ना? लाजतीस कशापायी? रान काय माझ्या बापाचं हाय?"

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, "खा. आता खा. मागनं बोल." मी पत्रावळीपुढं बसले. मायनं चाचपत उंडा उचलला, फोडला, भज्जीत बुडवला आणि हात पुढं केला. मी तिच्या हातून खाल्लं. तिचा हात वाट बघत थांबायचा, म्हणून गिळत राहिले.

"कोन्या गावची गं तू?"

"लांबची."

"किती लांब?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "इटारसी."

तिचा हात थांबला. "आगं बाई! इटारशीला माझी लेक हाय की. शेवंता. रेलवाईत हाय जावई. तू वळखतीस का तिला?"

मावशींनी तोंड फिरवलं. धोंडीबा काका बैलाच्या पलीकडं गेले.

"वळखते," मी म्हणाले.

"बरी हाय का?"

"बरी हाय."

"वाळली का?"

"न्हाय. चांगली हाय."

"तिकडं येळवस करत्यात का गं?"

"न्हाय, माय."

तिनं चाचपत दुसरा उंडा उचलला. "मग तिला त्या दिशी कोन बोलवतंय जेवाया?"

तिनंच उत्तर दिलं. "आसंल कुनीतरी. आपुन हितं बोलवताव, तसं तिकडं बी कुनाचं तरी मन व्हत आसंल. तिला म्हनावं, इतक्या लांबनं येऊ नको. लेकरू बारीक हाय, थंडी लई पडलीय. म्हनावं, माय जेवली."

मग तिनं मावशींकडून फडकं मागून घेतलं, त्यात उंडे बांधले, गाठ दोनदा मारली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तिला दे. वाटंत तूच खाऊ नको."

पुढं मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणाले, आतून ओळखलं असेल, आईचं काळीज असतं. मला तसं वाटत नाही. मी तिच्या तोंडाकडं इतक्या जवळून बघत होते. तिनं मला ओळखलं नाही. वाटेनं चाललेल्या एका बाईला तिनं जेवू घातलं, आणि ती बाई मी होते. पुष्कळ दिवस मला ह्याचा राग यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. आता असं वाटतं की ती सगळ्यांना ज्या हातानं वाढायची तो हात मला एकदा परकी होऊन कळला. लेकीला तो कधी कळला नसता. लेक मागून घेते. पण हा विचार चुलीपुढं बसल्या बसल्या येतो आणि जातो. उरतं ते एवढंच, की ती माझ्याशी बोलली आणि माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा मायला घरघर लागली. आयाबाया जमल्या. आता एक गोष्ट सांगायला हवी. माय सगळ्यांत मिसळायची, पण मावशींच्या हातचं पाणी ती पीत नसे. तेव्हा तसंच होतं. मावशी आमच्या रानात जेवायच्या, वाढायची माय. उलटं कधी झालं नव्हतं. आजारात ते गेलं. कसं, ते मावशींनी मला त्याच पहाटे सांगितलं होतं. "पहिल्या दिशी म्या तांब्या म्होरं केला नि मागं घेतला. म्हनलं, हिला चालायचं न्हाय. तर म्हनती, आन की. तान मला लागलीय, जातीला न्हाय लागली. पिऊन वर म्हनती, तुज्या घरचं पानी गोड हाय, इतकी वर्सं बोलली न्हाईस व्हय!"

तर आयाबाया म्हणाल्या, लेकीच्या हातानं पाणी द्या. मावशी आपणहून उठल्या आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, थांबाही म्हटलं नाही. मी चमच्यानं पाणी मायच्या ओठांशी नेलं. तिनं ओठ मिटले. पुन्हा नेलं. तिनं हात उचलून माझं बोट चाचपलं आणि बाजूला सारलं.

"ह्यो हात न्हाय," ती म्हणाली. "रसूल कुठं गेली?"

धोंडीबा काका दारातून म्हणाले, "अगं पन..." आणि तिथंच थांबले. मी उठले. उंबऱ्यापाशी गेले आणि चमचा-वाटी मावशींच्या हातात दिली. त्या नको नको म्हणत होत्या. "तू लेक हाईस, तुझा मान हाय, बेटी." मी म्हणाले, "मावशी, ती तुमाला बोलवतीय." त्या बसल्या. मायनं तोंड उघडलं. पाणी घशाखाली गेलेलं मी पाहिलं.

त्यानंतर तिला कशाचीच गरज लागली नाही.

ह्याला आता काही वर्षं झाली. माझी मुलगी शाळेत जाते. तिला चौथीनंतर काढायची नाही, हे मी ह्यांना सांगून टाकलंय. मावशी तिथंच आहेत, एकट्या, त्याच घरात. मध्ये गुरुजींकडून कळलं की त्यांचे गुडघे धरलेत, पाणी आणायला त्रास होतो. मला धास्ती वाटते. रोज वाटते. इथून तिथं पोचायचं म्हणजे किती गाड्या, किती तास, आणि कार्ड यायला लागणारे दिवस वेगळेच. एकदा मी वेळेवर पोचूनही पोचले नव्हते.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, हे गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील. तुम्ही म्हणाल, पोरगी वेडी आहे, ह्यात काय लिहायचं. पण ऐका. तुमची वेळ येईल तेव्हा मी येणार. कार्डाची वाट बघणार नाही, गुडघे जास्त दुखतायत एवढं कानावर आलं तरी निघेन. तुम्हाला उठवीन, बसवीन, धुईन, तुमच्या बाजेचे ढेकूण मारीन. शेवटचं पाणी माझ्या हातानं देईन. आणि तेव्हा तुम्ही माझं बोट चाचपून बाजूला सारलंत, दुसऱ्या कुणाचा हात मागितलात, तर ते माणूस जिथं असेल तिथून बोलावून आणीन, वाटी त्याच्या हातात देईन, आणि तुम्ही उभ्या राहिला होतात तशी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहीन.